सहा सॉकेट आणि एक उद्गारचिन्ह

मित्रांनो, जरा पाय उचला. तुमच्या खुर्चीखाली आत्ता ज्याला लाथ बसली, तो मी. मी एक जुना एक्स्टेन्शन बोर्ड आहे. मला सहा सॉकेट आहेत, एक लाल दिवा आहे आणि स्वाभिमानही आहे, पण तो कुणाला दिसत नाही.

मी कारखान्यात जन्मलो नाही. एका वायरमनने आपल्या मुलीसाठी मला घरच्या टेबलावर घडवले. जुन्या कपाटाची फळी कापली, घासून गुळगुळीत केली, पोटात फ्यूज बसवला आणि पाच मीटर वायर जोडली. मुलगी तेव्हा कॉलेजात संगणक शिकत होती. मला तिच्या हाती देताना तो म्हणाला, "पिन धरून काढायची. वायर ओढायची नाही. ओढली की आतून तुटते, बाहेरून कळतसुद्धा नाही." मुलीने ते ऐकले. बाकीच्या जगाने ऐकले नाही.

पुढे मुलगी सॉफ्टवेअर बनवू लागली. तिच्या मनात आले, की शहरातल्या डेव्हलपरांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे, एकमेकांना चार गोष्टी शिकवाव्यात. याला ती मंडळी मीटअप म्हणतात. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर खोली मिळाली, चाळीस खुर्च्या मिळाल्या, आणि मी तर घरचाच होतो. सगळे तिला ताई म्हणू लागले. सगळे म्हणजे चौघे.

हो, चौघेच. दर महिन्याला छत्तीस खुर्च्या आणि माझी दोन सॉकेट रिकामी राहायची. घरी गेल्यावर वायरमनबाबा विचारायचे, "काय गं, किती आले होते?" ताई म्हणायची, "खोली भरली होती, बाबा." पिशवीत पडल्या पडल्या मी हे ऐकायचो आणि मलाच मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे.

अशी दोन वर्षे गेली. मग एक दिवस ग्रंथपाल बाई वर आल्या. बाई सरळ स्वभावाच्या, पण बोलणे करवतीसारखे. म्हणाल्या, "पुढच्या मीटअपला पाच वाजता मी येऊन डोकी मोजणार. पंधरा भरली नाहीत तर खोली गाण्याच्या क्लासला देणार. ते तीस जण आहेत, आणि सगळे येतात."

ताईने नोंदणीचे पान उघडले. त्यावर 'येणार' आणि 'येणार नाही' अशी दोन बटणे होती. चौघांनी 'येणार' दाबले. एकतीस जणांनी अगदी सभ्यपणे 'येणार नाही' दाबले. तरी ताईने येणाऱ्यांना आठवण करणारे पत्र पाठवायला एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. पत्रात होते, 'तुम्ही येणार असे कळवलेत, आभार. तुमच्यासाठी खुर्ची राखून ठेवली आहे.' पण घाईत त्या प्रोग्रॅममध्ये एक उद्गारचिन्ह जास्त पडले. आपल्याकडे उद्गारचिन्ह म्हणजे आश्चर्य. प्रोग्रॅमच्या भाषेत ते शब्दाच्या आधी लागले, की अर्थ होतो 'नाही'. पत्र गेले ते 'येणार नाही' म्हणणाऱ्या एकतीस जणांना.

शनिवारी तीन वाजता दारात एक जाडसर गृहस्थ उभे राहिले.

"मी येणार नाही म्हटलं होतं."

"मग?" ताई गोंधळली.

"तेच सांगायला आलोय."

त्यांच्या मागे दुसरा, तिसरा, चौथी. मित्रांनो, फुकटच्या ज्ञानासाठी ही माणसे जिना चढत नाहीत. पण दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये चूक आहे असा वास आला, की अंगात ताप असला तरी येतात. असे एकोणीस जण आले, आणि नेहमीचे चौघे मिळून तेवीस झाले.

ताई हुशार. तिने ठरलेले भाषण बाजूला ठेवले आणि स्वतःचाच प्रोग्रॅम पडद्यावर लावला. "शोधा," ती म्हणाली. क्षणात आरडाओरडा सुरू झाला. कुणी म्हणाले चूक चौदाव्या ओळीत आहे, कुणी म्हणाले तेराव्या. ओळ दोघांचीही तीच होती. निम्मी खोली एकपासून मोजत होती आणि निम्मी शून्यापासून. खोलीत इतका जिवंतपणा मी कधी पाहिला नव्हता. माझी सहाही सॉकेट भरली होती आणि मी धन्य झालो होतो.

नेहमीच्या चौघांत एक जण होता, त्याला सगळे बॅकअप म्हणत, कारण तो प्रत्येक वस्तू दोन आणायचा. चहासाठी त्याने दोन किटल्या आणल्या होत्या. दोन पिना काढून त्याने दोन्ही माझ्यावर लावल्या. फट्! माझा फ्यूज उडाला आणि पडदा काळा झाला. साडेचार वाजले होते. दोघांनी तर बॅगा उचलल्या.

"बंद करून पुन्हा चालू करून बघा," एक म्हणाला. "मघापर्यंत चालत होतं," दुसरा म्हणाला. "माझ्याकडचा चालतो," तिसरा म्हणाला. तेवीस डोकी माझ्यावर वाकली, पण स्क्रू-ड्रायव्हर एकाकडेही नव्हता. शेवटी ताईने फोन लावला, "बाबा, बोर्ड गेला."

बाबा आले ते दारातच थांबले. त्यांनी खोली एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग "सरका जरा, साहेब" म्हणत माझ्यापाशी बसले.

"दोन किटल्या? याच्यावर?"

"एकीला काही झालं तर दुसरी असावी, म्हणून," बॅकअप पुटपुटला.

"मग दुसरी पिशवीत ठेवायची."

माझा दिवा लागला तसा टाळ्यांचा कडकडाट झाला. तेवढ्यात ग्रंथपाल बाई आल्या आणि त्यांनी बोट फिरवून मोजले. "पंचवीस. खोली तुमची."

"बाबांनाही मोजलंत?" ताईने विचारले.

"बसलेत ना? मग मोजलं."

बाई गेल्यावर बाबांनी हळूच विचारले, "दर वेळी एवढे असतात?"

ताईने मान खाली घातली. "नाही, बाबा. चार असतात."

बाबा माझा शेवटचा स्क्रू पिळत म्हणाले, "ठाऊक आहे मला. खोली भरत असती तर याचा फ्यूज दोन वर्षांत एकदा तरी उडाला असता."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"वायर कशाला ओढू?"

ताईचे डोळे भरले. माझे भरले नाहीत, कारण मला ओलावा चालत नाही. पण आत काहीतरी गरम झाले, आणि त्याला किटली कारण नव्हती.

तर मित्रांनो, माझे एवढे ऐका. पिन धरून काढत जा. वायर ओढू नका, माझीही आणि माणसांचीही. कुणी 'या' म्हटले तर जात जा, त्याने खुर्ची खरोखरच राखलेली असते. आणि किटली न्यायची झाली, तर एकच न्या.