तीस दसऱ्यांचं रिव्हॉल्व्हर

निमगाव केतकीत सर्जेरावांचं नाव दोन गोष्टींसाठी होतं. एक पानमळा आणि दुसरं रिव्हॉल्व्हर. पानं विकायची असत, रिव्हॉल्व्हर नुसतं दाखवायचं असे. बत्तीस बोअरचं, सहा गोळ्यांचं, रीतसर परवान्याचं. तीस वर्षांपूर्वी घेतल्यापासून ते कमरेला अडकवल्याशिवाय सर्जेराव कुठल्या लग्नाला गेले नव्हते. पंगतीत बसताना सदऱ्याची कड अशी काही सरकवायचे, की वाढप्याला आधी रिव्हॉल्व्हर दिसावं आणि मग ताट.

एवढ्या वर्षांत त्यातनं एकही गोळी सुटली नव्हती. हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. ते ध्यानात आणून दिलं ओवीनं, त्यांच्या नातीनं. ती बारामतीला कॉलेजात होती आणि तिथल्या एका नेमबाजी क्लबात पिस्तूल शिकत होती. दिवाळीच्या सुट्टीत आली आणि चकली खाता खाता म्हणाली, "आबा, आमच्या क्लबच्या पिस्तुलानं चाळीस हजार गोळ्या झाडून झाल्यात."

"मग ते भंगारातच की," सर्जेराव म्हणाले. "माझं बघ. एक गोळी झाडलेली न्हाय. जसं आणलं तसं हाय. तुझ्या नातवंडांना पुरंल."

"पण चालतंय का, बघितलंय का कधी?"

"बघायचं काय त्यात? नवं हाय म्हंतोय न्हवं!"

आतनं त्यांच्या बायकोचा, द्वारकाबाईंचा आवाज आला, "वरातीतलं घोडं हाय ते. निस्तं सजवायचं, कामाला कधी जुंपायचं न्हाय."

हे मात्र सर्जेरावांना लागलं. बायकोनं बोललेलं त्यांना चाळीस वर्षं लागतच आलं होतं, पण आज नातीसमोर बोलली. पुढच्याच मंगळवारी त्यांनी परवाना खिशात घातला, रिव्हॉल्व्हर कमरेला लावलं, डोक्याला फेटा बांधला आणि ओवीबरोबर बारामती गाठली. साक्षीला म्हस्कूला घेतलं. म्हस्कू त्यांचा शाळेपासूनचा मित्र. गावात कुणाच्या घरात काय शिजतंय हे त्या घराच्या आधी त्याला कळे.

क्लबच्या प्रशिक्षक राजेश्वरी मॅडम. वीस वर्षं पोलिसांच्या शस्त्रागारात काढून निवृत्त झालेल्या. त्यांनी परवाना वाचला, रिव्हॉल्व्हर हातात घेतलं आणि नळी खाली वाकवून उघडायला गेल्या. उघडेना. लाकडी हातोडीनं हळूच ठोकलं, तेव्हा कुठं कुरकुरत उघडलं. गोळ्या बाहेर काढल्या, त्या हिरव्या पडलेल्या. गोळ्यांचं चक्र फिरवून बघितलं. जागचं हलेना.

"काका, तेल कुठलं घालता याला?"

"खोबरेल," सर्जेराव छाती काढून म्हणाले. "घाण्याचं. भेसळ न्हाय."

मॅडमनी स्क्रू काढले, बाजूची पट्टी उचलली आणि थबकल्या. आत सगळं लालभडक. त्यांनी बोट लावून बघितलं, वास घेतला.

"गंज?" ओवीनं विचारलं.

"थोडा गंज आहे. बाकी कुंकू."

दर दसऱ्याला शस्त्रपूजेत सर्जेराव स्वतः त्याला हळद-कुंकू वाहत, पंचामृताचे चार थेंब शिंपडत, अक्षता टाकत. तीस दसरे. सगळं खोबरेलात मुरून आत त्याचा दगड झाला होता. मॅडमनी नळीत सळई घातली. दुसऱ्या टोकातून आधी दोन तांदूळ पडले, मग झेंडूची एक वाळकी पाकळी.

"अजून ढोसा," म्हस्कू म्हणाला. "नैवेद्य बी निघंल."

मॅडम हसू दाबत होत्या, ओवी तेवढंही करत नव्हती. सर्जेरावांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

"मग आयुष्य किती धरायचं ह्याचं?" त्यांनी विचारलं.

"वर्षांवर नसतं ते. चांगलं हत्यार हजारो गोळ्या झाडतं. आधी स्प्रिंग थकते, मग गोळीवर आपटणारी पिन झिजते, मग चक्र ढिलं होतं. ज्याचं जे झिजलं ते बदलायचं. ओवी वापरते त्या पिस्तुलाच्या स्प्रिंगा चारदा बदलल्यात, पिन दोनदा, आणि रोज पुसलं जातं. तुमचं झिजलेलं नाही हो. बसून बसून मेलंय."

 सर्जेरावांना मळ्यातली एक जुनी दुपार आठवली. पाण्याच्या पाळीवरून चार जण काठ्या घेऊन बांधावर आले होते. सर्जेरावांनी नुसता कमरेला हात लावला आणि चौघं माघारी फिरले. पुढं तीन वर्षं ते ही गोष्ट रंगवून सांगत होते. त्यातला एक जरी पुढं आला असता, तर? आत्ता, भर पंख्याखाली त्यांना घाम फुटला.

"मॅडम," ते म्हणाले, "मला खरं झाडायला शिकवा."

त्या दिवशी क्लबात नाव नोंदवून त्यांनी ओवीचं पिस्तूल धरलं. पाच गोळ्या झाडल्या. त्यांच्या निशाणाच्या कागदाला एकही लागली नाही. शेजारच्या मुलाच्या कागदावर मात्र एक भोक जास्तीचं सापडलं.

परत येताना गाडीत ते म्हस्कूला म्हणाले, "गावात मीच सांगणार. तू एक अक्षर बोलायचं न्हाय." आणि निमगावात उतरल्या उतरल्या पारावर जाऊन त्यांनी कुंकवापासून पाकळीपर्यंत सगळं सांगितलं. दोन दिवस गाव हसलं. तिसऱ्या दिवशी गावाला हसायला दुसरं कुणीतरी मिळालं.

रिव्हॉल्व्हर पुण्याच्या परवानाधारक कारागिराकडे गेलं. नवी स्प्रिंग आणि नवी पिन घालून दोन महिन्यांनी परत आलं. आता दर मंगळवारी सर्जेराव ते घेऊन बारामतीला जातात. पहिल्या खेपेला आवाजानं स्वतःच दचकले. आता दहातल्या चार कागदावर लागतात, आणि घरी आल्यावर चहाच्या आधी ते रिव्हॉल्व्हर पुसायला बसतात.

मागच्या मंगळवारी द्वारकाबाई बरोबर गेल्या. ओवीनं आजीलाही नाव नोंदवायला लावलं आणि हातात आपलं पिस्तूल दिलं. त्यांनी पदर खोचला, एक डोळा मिटला. गोळी थेट काळ्या वर्तुळात.

"वाऱ्यानं गेली असंल," सर्जेराव म्हणाले.

रेंजला चारी बाजूंनी भिंती होत्या. द्वारकाबाईंनी दुसरी गोळी मागितली.