नऊ व्होल्ट, मधली तार उणे

टेबलावर सात अडॅप्टर होते. दोन मोबाइलचे, एक वायफायच्या डब्याचा, एक सेट-टॉप बॉक्सचा, एक आईच्या बीपी मशीनचा, एक दाढीच्या यंत्राचा, आणि एक कशाचा ते घरात कुणालाच सांगता येईना. सातांपैकी चारांची पिन पेटीच्या भोकात बसत होती. त्या चारांत नऊ व्होल्टचा एकच. आणि तोच नाथाजी आत खुपसायला निघाले होते.

"आण्णा, हात काढा आदी!" त्यांची लेक अपूर्वा ओरडली.

नाथाजी दचकले. "आगं, बसतंय की. पुस्तकात नऊ म्हनलंय, ह्याच्यावर बी नऊ लिवलंय."

"व्होल्ट नऊ हायत. पण प्लस आत का भाईर? उलटं लागलं तर चिप जळंल. असली चिप आता मिळत न्हाई कुठं."

पेटी म्हणजे कॉम्प्युटरच होता. कीबोर्डाएवढाच, काळा, पडदा नसलेला; वायर काढून टीव्हीला जोडायची, की झाला कॉम्प्युटर. नाथाजींचं मदुरैला गलाईचं दुकान होतं. विट्याची माणसं जातात तसेच तेही पंधराव्या वर्षी सोनं गाळायला गेले होते. शेजारच्या तमिळ मास्तरांनी गाव सोडताना ही पेटी त्यांना विकली. अडॅप्टर तेव्हाच हरवलेला होता. सोबत एक पुस्तक होतं. नाथाजींनी एकेक इंग्रजी शब्द विचारत ते अख्खं वाचून काढलं, आणि दुकान मिटल्यावर बंद पेटीवर बोटं चालवत बसू लागले. दुकानातली पोरं हसायची. म्हणायची, मालक मुका पियानो वाजवतात.

यंदा दुकान विकून ते आणि बायको शालूबाई मदुरैहून कायमचे विट्याला आले होते. पेटीही आली होती.

आज खंडेनवमी. शालूबाई कोयता, खुरपं, तराजू, मूस आणि चिमटा घासूनपुसून पाटावर मांडत होत्या. "पेटी पाटावर यायची न्हाई आवंदा," त्या तिकडूनच म्हणाल्या. "बत्तीस दसरं हळद-कुंकू वाह्यलं. कवा हूं का चूं केलं न्हाई. हत्यार चालतं म्हनून पुजायचं. उद्या भंगारात जाऊ दे."

"उद्या न्हवं, आज बोलंल ती," नाथाजी म्हणाले.

"काय बोलंल?"

"तुज्या पाटलीचं."

शालूबाईंचा हात थांबला. दुकान थाटायला त्यांनी माहेरची पाटली मोडून दिली होती. सासू पुढं मरेपर्यंत म्हणत राहिली, माहेरचं सोनं कसलं ते, निम्मं तांबं. पाटली गाळली होती नाथाजींनीच. "बावीस कॅरट हुतं, आगं," असं ते दर वर्षी सांगत. आणि दर वर्षी शालूबाई म्हणत, "ऱ्हाऊ द्या. माजं मन राखायला सांगताय."

"बावीस म्हंजे शेकडा किती, आण्णा?" अपूर्वानं विचारलं. तिला ठाऊक होतं, पण आईला ऐकवायचं होतं.

"चोवीसात बावीस. एक्क्याण्णव पूर्णांक सहासष्ट, पुढं सहाच सहा. त्येच्या खाली ऱ्हायलं तर तुजी आजी खरी."

अपूर्वानं पेटीचे पाच स्क्रू काढले. ती सांगलीहून फिजिक्समध्ये बीएस्सी होऊन आली होती. मल्टिमीटर तिचा स्वतःचा होता. अंदाज तिला चालत नसे. पुस्तकातलं अधिक-उण्याच्या खुणेचं पान वाळवीनं खाल्लेलं. तेव्हा पेटीलाच विचारायचं. आतल्या सर्किटच्या पट्टीवरची उणे बाजू तिनं शोधली, मीटरची एक काडी तिथं टेकवली, दुसरी भोकातल्या मधल्या पिनेला. आतून जोड असता तर मीटर वाजला असता; वाजला नाही. बाहेरच्या कडेला टेकवली. तरीही नाही.

"मेली?" नाथाजींनी हळूच विचारलं.

अपूर्वानं भोकात टॉर्च मारला आणि एकदम हसायला लागली. "आई! तुजं बत्तीस वर्सांचं कुंकू हितं बसलंय!"

दातकोरणीला कापूस गुंडाळून स्पिरिटनं तिनं ते कोरून काढलं. लाल-पिवळा लगदा, हरभऱ्याएवढा. पुन्हा काडी टेकवली. मधल्या पिनेवर मीटर टीं करून वाजला. तिनं तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा मधलीच.

"मधली उणे हाय! आणि हे चारी अडॅप्टर मधी अधिक. आण्णा, मघाशी लावलं असतंत तर..."

"तार उलटी जोड की मग."

"जोडली असती. पण ह्या नऊवाल्याचा करंट पायजे त्येच्या निम्मासुदा न्हाई. पेटी जागी व्हायची न्हाई."

तेवढ्यात दारात बिराप्पा उभा राहिला. बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवणारा, गल्लीतलाच. "काकी, एक्स्टेंशन बोर्ड हाय का? सांगलीत दांडियाचा कार्यक्रम हाय. पाचची गाडी गाठायचीय."

अपूर्वाची नजर त्याच्या खांद्यावरच्या पिशवीवर खिळली. "बिरादादा, कीबोर्डचा अडॅप्टर दाखव."

"आता गं? का?"

"दाखव म्हनते न्हवं!"

नऊ व्होल्ट. दीड अँपियर. खाली छोटंसं चित्र: मधल्या ठिपक्याकडं उणेची रेघ. तिनं चित्रावर भरवसा न ठेवता मीटर लावला. नऊ पूर्णांक एक, मध्ये उणे.

"लय भारी! धा मिनटं दे."

"आगं, माजी गाडी..."

"गाडी काय पळून जाती व्हय?" शालूबाई म्हणाल्या. "बस तिथं. च्या टाकते." पण त्या चहा टाकायला उठल्या नाहीत.

स्क्रू लागले. टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात वायर गेली. अपूर्वानं बटण दाबलं आणि नाक पुढं करून वास घेतला. जळका वास नव्हता. रिमोटनं ती चॅनेल शोधत राहिली. मुंग्या, मुंग्या, खरखर. आणि मग एकाएकी स्वच्छ पांढरा पडदा, तळाशी इंग्रजीची एक ओळ.

"आयला!" बिराप्पा उठून उभा राहिला.

नाथाजींनी धोतराला हात पुसले. चष्मा लावायला ते विसरले, आणि त्याची गरजही पडली नाही. बोटं आपली आपण निघाली. एका कळीला अख्खा शब्द उमटत होता. "पी दाबलं की प्रिंट," ते पुटपुटले. "म्हाईत हाय मला." हिशेबाची एक ओळ, दुसरी, तिसरी. कुठंच अडलं नाही. चौथी ओळ झाली आणि पडद्यावर पेटीनं प्रश्नचिन्ह टाकून आकडा मागितला.

नाथाजींनी ११.६४ टाकले.

"ह्ये माज्या पाटलीचं वजन," शालूबाई म्हणाल्या. त्या कधी मागं येऊन उभ्या राहिल्या, कुणाला कळलं नव्हतं. कोयता हातातच होता.

"व्हय. आणि ह्ये गाळल्यावर ऱ्हायलेलं चोख सोनं." त्यांनी १०.६७ टाकले आणि बोट शेवटच्या कळीवर नुसतं ठेवलं. "दाब तू."

शालूबाईंनी पदराला बोट पुसलं आणि कळ दाबली.

पडद्यावर आलं: ९१.६६६६६६७.