स्वयंपाकघरासमोरची रांग

"या जंगलाकडून मालकाला नेमकं काय हवंय?" वनसल्लागार बाईंनी माईंना विचारलं आणि उत्तर माईंच्या मुलाने दिलं.

नवरा गेल्यापासून जंगल माईंच्या नावावर होतं. माई समोरच बसल्या होत्या. मुलगा मात्र बोलत सुटला. आत विरळणी करायची, वाकडीतिकडी झाडं काढायची, चांगली राहतील ती जाड होऊ द्यायची. "आणि घरासमोरच्या झाडांच्या रांगेला हात लावायचा नाही. बाबांनी स्वतः लावलीय ती. त्यांची आठवण आहे." हे म्हणताना त्याने रुमाल काढला. वर्षातून दोनदा यायचं, त्या रांगेखाली आरामखुर्ची टाकून घोरायचं आणि गाडी काढून निघून जायचं, एवढाच त्याचा जंगलाशी संबंध. रुमाल मात्र लगेच निघायचा.

माईंच्या मस्तकात तिडीक गेली.

"मला ती रांग तोडून हवीय," त्या म्हणाल्या. "भर दुपारी दिवा लावून स्वयंपाक करते मी. बाकीच्या जंगलात काय गोंधळ घालायचा तो घाला. मला माझ्या स्वयंपाकघरात उजेड हवाय."

"माई, अगं बाबांनी लावलेली झाडं..."

"खड्डे खणले, रोपं टेकवली आणि कमरेवर हात ठेवून फोटो काढून घेतला त्यांनी. विहिरीवरून बादल्या कोणी वाहिल्या? तुला एका कडेवर घेऊन?"

झाडं छपरापर्यंत पोचली तेव्हाच माईंनी नवऱ्याला सांगितलं होतं, ही रांग काढा. तो भला माणूस कधी नाही म्हणाला नाही. पुढच्या वर्षी बघू म्हणाला. दर वर्षी म्हणाला आणि एक दिवस तोच गेला.

"बरं, पुढच्या वर्षी बघू या, माई," मुलगा म्हणाला. आवाजसुद्धा बापाचाच.

सल्लागार बाईंनी दोघांकडे पाहिलं, पिशवी आवरली. "ते तुम्ही घरात ठरवा. मी आतल्या झाडांवर खुणा करून घेते." खुणा करून त्या गेल्या आणि लाल रंगाचा अर्धा डबा ओट्यावर राहिला.

मुलाला दुपारची झोप लागल्यावर माईंनी तो उचलला. रांगेतल्या प्रत्येक झाडावर छातीच्या उंचीला त्यांनी लाल पट्टा ओढला. रागाच्या भरात पट्टे वाकडे आले. आले तर आले.

सकाळी तोडणीची टोळी आली. मुकादम रांगेपुढून गेला, प्रत्येक झाडापाशी वाकला आणि परत आला.

"ही नाही पाडता येणार, माई. वर पट्टा आहे, पण बुंध्याशी ठिपका नाही. पट्टा खोडाबरोबर निघून जातो, ठिपका खुंटावर राहतो. उद्या कोणी विचारलं की हे झाड कोणी पाडायला सांगितलं, तर आम्ही तो दाखवतो. त्याशिवाय आमचे लोक करवत लावत नाहीत."

मुलगा हसला. गालातल्या गालात, पण माईंनी ते पाहिलं. माईंना खाली बसता येत नाही हे त्याला चांगलं ठाऊक होतं. गुडघ्यांसाठी उंच खुर्ची त्यानेच आणून दिली होती आणि ते गावभर सांगितलं होतं.

माईंनी डबा घेतला. पहिल्या झाडाला धरून त्या खाली बसल्या. गुडघ्यातून कळ गेली, ती त्यांनी दात आवळून गिळली. ठिपका दिला. मग उठता येईना, तशाच जमिनीवरून सरकत पुढच्या झाडाकडे गेल्या.

"माई, ऊठ. लोक बघतायत."

"बघू देत. तू तरी दुसरं काय करतोयस?"

मुकादमाने आधाराला हात पुढे केला. "हात नको," माई म्हणाल्या, "डबा सरकव." त्याने डबा सरकवला. पुढेही प्रत्येक वेळी त्यानेच सरकवला. मुलगा खिशात हात घालून उभा राहिला.

दुपारपर्यंत रांग आडवी झाली. माई दाराला धरून स्वयंपाकघरात आल्या. खिडकीतून ऊन थेट चुलीपर्यंत आलं होतं.

आपल्या स्वयंपाकघराचा माईंना अभिमान होता. भिंती त्या रोज पुसायच्या, एक दिवस चुकवला नव्हता. आता त्या भिंती उजेडात दिसल्या. चुलीपासून छतापर्यंत तेलकट काळं पुट होतं आणि त्यात त्यांच्याच फडक्याचे अर्धगोल फराटे. मिणमिणत्या दिव्यात हात जिथे जायचा तिथेच रोज गेला होता. बाकीची भिंत तशीच राहिली होती. माईंना रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी संताप आला. इतकी वर्षं त्यांनी इथे चाचपडत काढली होती आणि प्रत्येक वर्षी नवऱ्याच्या 'पुढच्या वर्षी'ला तोंड मिटून होकार दिला होता.

मुलगा मागे येऊन उभा राहिला. "बाबा असते तर त्यांना किती वाईट..."

"ही बघ," माईंनी भिंतीकडे बोट केलं, "ही तुझ्या बाबांची आठवण." फडकं बादलीत बुडवून त्यांनी त्याच्या हातात कोंबलं. "पूस."

"उद्या बाई लावून..."

"आत्ता," माई म्हणाल्या आणि ती उंच खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या.