वरचा कप्पा, खालचा कप्पा

दवाखान्यात फ्रीज एकच होता, पण त्याचे कप्पे दोन मालकांचे होते. वरचा राज्याचा, खालचा पालिकेचा. ही वाटणी कुणा शहाण्याने वीस वर्षांपूर्वी करारात लिहून ठेवली होती. कुत्रा चावलेल्या माणसाची पहिली सुई ही तातडीची सेवा, तिचा खर्च राज्याने करायचा. पुढच्या तीन सुया म्हणजे पाठपुरावा, तो पालिकेने करायचा. लस तीच, दंड तोच आणि टोचणारी सिस्टरही तीच. करार लिहिणाऱ्याला आयुष्यात कधी कुत्रा चावला नसावा.

गेले पाच महिने खालचा कप्पा रिकामा होता. राज्य आमचा वाटा परत करत नाही, असं पालिका म्हणे. पालिका कागद पाठवत नाही, असं राज्य म्हणे. दोघांनी मिळून ते घोंगडं भिजत ठेवलं होतं आणि दोघांचंही छान चाललं होतं. वरच्या कप्प्यात मात्र लस ठासून भरलेली असायची. म्हणजे पहिली सुई मागाल तेव्हा मिळणार, आणि उरलेल्या तिन्हींसाठी देवाचं नाव घ्या.

सिस्टर नोकरीला लागली त्या वर्षी तिने एक गवंडी मरताना पाहिला होता. एकच सुई घेऊन तो कामावर परत गेला होता. शेवटी पाण्याचा पेला नुसता समोर आणला तरी त्याचा गळा आवळायचा, आणि तहानेने तो आईला हाका मारायचा. तिला ते अजून आठवायचं, आणि आठवलं की या दोन्ही कचेऱ्यांची तिला किळस यायची.

म्हणून तिने आपला तोडगा काढला होता. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या सुईला आलेल्या माणसाला ती रजिस्टरात नव्याने चाववायची. "आज पुन्हा चावला ना?" असं विचारायची आणि उत्तराची वाट न बघता लिहायची. नवा चावा, पहिली सुई, वरचा कप्पा. इस्त्रीवाल्याला तर एकाच महिन्यात चारदा चावा झाला होता, चारही वेळा डाव्या पोटरीला. रजिस्टर दर महिन्याला तपासणीला वर जाई आणि सहीनिशी परत येई. ते कुणी वाचत नसे, फक्त शेवटची बेरीज बघत.

त्या बेरजेनेच घोळ केला. चावे जवळजवळ चौपट झाले म्हणून संयुक्त बैठक बसली. कुत्री पकडायला जाळं राज्याने घ्यावं आणि गाडी पालिकेने, इथपर्यंत एकमत झालं. पकडलेलं कुत्रं कुणाचं, यावर बैठक फिसकटली. शेवटी दोन्ही साहेबांनी जागेवर जाऊन पाहणी करायचं ठरलं.

बुधवारी सकाळी दोघे आले, एकाच रस्त्याने, दोन गाड्यांतून. बाकावर सात वर्षांची एक मुलगी तिच्या मामाबरोबर बसली होती. मामा सायकली दुरुस्त करायचा आणि बहिणीच्या माघारी भाचीला त्यानेच वाढवलं होतं. कुत्र्याने तिचा गाल फाडला होता. आज चौदावा दिवस, शेवटची सुई.

राज्याचे साहेब तिच्यापुढे वाकले. "काय गं, कधी चावला तुला?"

"चौदा दिवस झाले," मुलगी म्हणाली. "एकदाच चावला. आज चौथी सुई."

मामाने खाली मान घातली. पोरीला खोटं बोलायला शिकवायचं सिस्टरच्या जिवावर आलं होतं.

साहेबांना उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. मग ते ताठ झाले. "म्हणजे आमच्या लशीवर पालिकेचा पाठपुरावा चाललाय."

पालिकेच्या साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे आमच्या हद्दीत कुत्री वाढलेलीच नाहीत. हे अहवालात आलं पाहिजे."

"सिस्टर, यापुढे ताजा चावा असल्याशिवाय वरच्या कप्प्याला हात लावायचा नाही. हिला खालच्यातून द्या," राज्याच्या साहेबांनी बजावलं.

"खालचा पाच महिने रिकामा आहे, साहेब."

"तो यांचा प्रश्न."

"तो यांच्यामुळे," पालिकेचे साहेब म्हणाले.

"आज चौदावा दिवस आहे," सिस्टर म्हणाली. "जखम गालावर आहे. डोक्याच्या इतक्या जवळ."

"भावनेत वाहून जाऊ नका," राज्याचे साहेब म्हणाले. आणि दोघे रजिस्टरातल्या शेऱ्यावर कुणाची सही वर यायची, यावर वाद घालू लागले. राज्य मोठं म्हणून वर, असं एकाचं म्हणणं. जागा पालिकेची म्हणून आमची वर, असं दुसऱ्याचं.

सिस्टरने फ्रीज उघडला. वरच्या कप्प्यातून बाटली काढली, सुई भरली आणि मुलीच्या दंडाला टोचली. मुलीने ओठ घट्ट मिटून घेतले. साहेबांची पाठ इकडे होती, त्यामुळे त्यांना पत्ताही लागला नाही. मग सिस्टरने टेबलाशी बसून शांतपणे रजिस्टर भरलं, खाली पट्टीने मधोमध उभी रेघ मारली आणि ते दोघांपुढे सरकवलं.

"आता कुणी वर नाही, कुणी खाली नाही. शेजारी-शेजारी करा."

दोघांना ते पटलं. सह्या झाल्या, शिक्के झाले, आणि दोन गाड्या आल्या तशा गेल्या.

"सिस्टर, तुमची नोकरी जाईल हो आमच्यापायी," मामा म्हणाला.

"ताजा चावा पाहिजे म्हणाले ना? लिहिलाय. वाच."

मामा रजिस्टरावर वाकला. मुलीचं नाव होतं, गालाची जुनी खूण होती. पुढे सिस्टरच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: चावा ताजा, आज सकाळी सव्वादहा. चावणारे प्राणी दोन. दोन्ही पाळीव. मालक: एकाचं राज्य, दुसऱ्याची पालिका. पिसाळलेले नाहीत, पूर्ण शुद्धीत चावले.

खाली दोघांच्या सह्या होत्या, शिक्क्यांसकट.