बाराव्या हमालाचा हूक

मित्रांनो, मला हात लावायचाच असेल तर जरा बेतानं लावा. म्हातारा झालो असलो तरी माझं टोक अजून बोथट झालेलं नाही. मी हमालाचा जुना हूक आहे. पुढे वाकलेलं लोखंड आणि मागे बाभळीची मूठ, एवढाच माझा देह. हल्लीची मुलं मला बघून विचारतात, "याला काय अडकवायचं? पिशवी?" पिशवी म्हणे! अरे बाबांनो, शंभर-शंभर किलोची पोती ओढली आहेत मी. भवानी पेठेतल्या धान्यबाजारात मी चावा घेतल्याशिवाय पोतं जागचं हलत नसे.

माझा जन्म रास्ता पेठेत एका लोहाराच्या भात्यापुढे झाला. एका मालमोटारीच्या मोडक्या पाट्याचा मी तुकडा. लोहाराने मला तापवलं, ठोकलं, वाकवलं आणि पाण्यात बुडवलं. तेव्हा मला त्याचा भारी राग आला होता. आता वाटतं, बरं झालं, नाहीतर कुठल्यातरी भंगारात पडून राहिलो असतो.

मला घडवून घेतलं ते दादामियाँ नावाच्या हमालाने. देशाला स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं झाली होती, पण हमालापर्यंत ती खबर कुणी पोचवली नव्हती. काम असेल त्या दिवशी तो हमाल, नसेल त्या दिवशी कुणीच नाही. रजा नाही, औषधपाणी नाही, म्हातारपणाची सोय नाही. दादामियाँची कंबर कायमची गेली तेव्हा दुकानाच्या शेटजींनी त्यांना एक कप चहा पाजला आणि म्हणाले, "उद्यापासून मुलाला पाठवा." एवढाच निरोपसमारंभ. दादामियाँ पुढे दोन वर्षं भिंतीला टेकून बसले आणि तसेच गेले. मी हे पाहिलं आहे, म्हणून सांगतो.

मुलाचं नाव मैनुद्दीन. अठरा वर्षांचा, उंच, कमी बोलणारा. माझी मूठ त्याच्या हातात अशी बसली की जणू लोहाराने त्याचंच माप घेतलं होतं. त्याच्या टोळीत बारा हमाल. मुकादम होता भोरकडचा भैरू. दिसायला राकट, बोलायला त्याहून राकट. पण माणूस सोन्यासारखा. त्याच्या टोळीची एक रीत होती. संध्याकाळी एक रिकामं पोतं अंथरायचं, त्यावर सगळ्यांनी आपापले हूक ठेवायचे, आणि जितके हूक तितक्या मजुरीच्या वाटण्या करायच्या. कुणी आजारी पडला तर भैरू सकाळीच त्याच्या घरी जाऊन त्याचा हूक मागून आणायचा. दिवसभर तो हूक बाकीचे आळीपाळीने चालवायचे आणि संध्याकाळी त्याचीही वाटणी काढून घरी पोचवायचे.

"हूक आला म्हंजी मानूस आला," भैरू म्हणायचा.

दोन-चार दिवसांच्या तापापुरती ही रीत झकास होती. पण मैनुद्दीनचं दुखणं दोन-चार दिवसांचं नव्हतं. तेरा वर्षं पोती वाहून त्याच्या पोटातलं आतडं खाली उतरलं. अंतर्गळ म्हणतात त्याला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावलं, "पोतं उचललंत तर जिवाशी खेळ आहे. ऑपरेशन करून घ्या, आणि नंतर तीन महिने सक्त विश्रांती."

"तीन महिने!" मैनुद्दीन बाहेर येऊन हसला. रडू आलं की तो हसायचा. तीन महिने आपलं ओझं टोळीवर टाकायचं त्याला धाडस होईना. म्हणून चार दिवस टेकलं की आपोआप बरं वाटेल, या आशेवर तो ऑपरेशन पुढे ढकलत राहिला, आणि ढकलता ढकलता आठ महिने गेले. ते आठही महिने मी रोज भैरूच्या पिशवीतून बाजारात जात होतो. अकरा माणसं बारा माणसांचं ओझं वाहत होती. त्यांचे दमलेले हात मला कळत होते. एकाही हाताने कुरकुर केली नाही. मैनुद्दीनला मात्र अन्न गोड लागत नव्हतं.

अशातच सरकारचा नवा कायदा आमच्या बाजारात लागू व्हायला आला. माथाडी कायदा. माथ्यावर, पाठीवर ओझं वाहणाऱ्यांसाठी केलेला. या कायद्याने एक मंडळ नेमलं जाणार होतं. प्रत्येक हमालाचं नाव मंडळाच्या यादीत चढायचं होतं. मग मजुरी मंडळामार्फत, रजा हक्काची, दवाखान्याच्या खर्चाला मदत, म्हातारपणासाठी पुंजी. टोळीला आनंद झाला, पण तो एक दिवसही टिकला नाही. शेजारच्या दुकानाचा दिवाणजी पानाची पिंक टाकत म्हणाला, "मंडळ फक्त धडधाकट माणसं लिहून घेणार. मोडका माणूस सापडला की अख्खी टोळी बाद."

हे त्याला कुणी सांगितलं होतं देव जाणे. पण भीतीचं असंच असतं, तिला कुणी कागद मागत नाही. ज्याचं नाव यादीत नाही त्याला बाजारात काम नाही, एवढं मात्र खरं होतं. म्हणजे मैनुद्दीनचं नाव आज राहिलं तर तो जन्माचा राहिला. बापासारखा भिंतीला टेकून बसायचा.

"आपून बारा हाय, बाराच सांगायचं," भैरूने ठरवून टाकलं.

चैत्रातल्या एका सकाळी मंडळाचे निरीक्षक सायकलवरून आले. दिगंबर काळे त्यांचं नाव. किडकिडीत माणूस, विजारीला क्लिपा, काखेत नोंदवही. टोळी नुकतीच एक मोटार खाली करून टेकली होती आणि आम्ही बारा हूक पोत्यावर पडलो होतो. काळे साहेबांनी आम्हाला मोजलं. मग माणसांना मोजलं. मग पुन्हा आम्हाला मोजलं.

"आपण मुकादम? हूक बारा आणि माणसं अकरा. बारावे गृहस्थ?"

"च्या आनाया गेलाय, सायेब," भैरू म्हणाला. खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे त्याचे कान लालबुंद झाले.

"छान. मग मी थांबतो. मलाही चहा चालेल." आणि साहेब खरोखरच एका पोत्यावर ऐसपैस बसले.

झाली का पंचाईत! भैरूने डोळ्याने खूण केली आणि संपत नावाचा हमाल मागच्या बोळातून मैनुद्दीनच्या घराकडे पळाला. अर्धा तास गेला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "म्हैस विकत घेऊन येताहेत की काय?" ते म्हणाले. कुणीच हसलं नाही.

शेवटी मैनुद्दीन आला. हातात किटली होती, सदऱ्याखाली पोटावर कापड करकचून आवळलेलं, आणि चेहरा पिठासारखा पांढरा. त्याने साहेबांना चहा दिला. साहेबांनी तो चवीने घेतला आणि म्हणाले, "आता आपलं काम चालू द्या. मी बघून लिहितो."

तो त्यांचा रोजचा शिरस्ता असावा. पण मैनुद्दीनला वाटलं, ही आपली परीक्षा आहे. त्याने मला उचललं. आठ महिन्यांनी त्याचा हात माझ्या मुठीवर आला होता. एरवी मला किती बरं वाटलं असतं! पण तो हात घामाने ओला होता. त्याने मला ज्वारीच्या पोत्यात रोवलं. भैरू पुढे झाला आणि हळूच म्हणाला, "नगं गड्या. ऱ्हाऊ दे."

"लावा हात, भैरूभाऊ," मैनुद्दीन म्हणाला. "एकच तर पोतं आहे."

नाइलाजाने भैरू आणि संपतने पोतं त्याच्या पाठीवर चढवलं. त्याने एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. त्याची बोटं माझ्याभोवती अशी आवळली की बाभळीची मूठ करकरली. मित्रांनो, त्या वेळी मी मुद्दाम निसटलो आणि त्याला वाचवलं, असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण या वयात खोटं कशाला बोलू? मी नुसता पोत्यात रुतून राहिलो. लोखंडाला दुसरं काय येतं? माझ्या उभ्या आयुष्यात मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नाही.

तेवढ्यात सकीना आली. मैनुद्दीनची बायको. संपतने घरी निरोप दिला तेव्हा ती नळावर गेली होती. परत येऊन पाहते तो नवरा गायब. शेजारणीने सांगितलं आणि ही बाई हातातली कळशी तिथेच टाकून धावत निघाली. ती थेट मैनुद्दीनच्या समोर उभी राहिली.

"उतरवा ते! आधी उतरवा!"

अकरा जण एकदम धावले. पोतं खाली आलं आणि मैनुद्दीन त्याच्याशेजारीच बसला. मग सकीना साहेबांकडे वळली. पदराने कपाळ पुसलं आणि एका दमात बोलली, "साहेब, या माणसाने आठ महिने पोतं उचललेलं नाही. त्याला डॉक्टरांची मनाई आहे. हे सगळे तुमच्याशी खोटं बोलले, पण वाईट म्हणून नाही बोलले. आठ महिने यांनीच आमचं घर चालवलंय. यांची नावं कापू नका. आमचं कापायचं तर कापा, पण मला माझा माणूस जिवंत पाहिजे."

मैनुद्दीन मान खाली घालून रडत होता, या वेळी मात्र हसला नाही. भैरू पुटपुटला, "वैनी, ह्ये काय क्येलं तुमी."

काळे साहेबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

"मुकादम," ते म्हणाले, "चहा आणायला आठ महिने लागले म्हणायचे."

"चुकलं, सायेब."

"चुकलंच. वजन उचलून दाखवा असं मी म्हणालो का? अहो, मी काय तालमीसाठी पैलवान निवडायला आलोय? या बाजारात हमालीवर पोट कुणाचं आहे, एवढं लिहायला आलोय. शिक्षक तापाने पडला म्हणून तो शिक्षक राहत नाही का? मग आजारी हमाल हमालच." त्यांनी वही उघडली. "नाव सांगा."

"मैनुद्दीन दादामियाँ," सकीनाच म्हणाली.

साहेबांनी लिहिलं. पुढे मोठ्याने वाचत लिहिलं, "तेरा वर्षे या टोळीत. सध्या आजारी. कामावर नाही." जे शब्द लपवायला टोळीने एवढा आटापिटा केला होता, तेच शब्द त्यांनी ठळक अक्षरात लिहिले. मग वही भैरूपुढे धरली. "वर मला जाब विचारतील. तेव्हा हा तुमचाच बारावा माणूस आहे, असं खाली लिहून द्या. सगळ्यांनी."

आठ अंगठे आणि तीन सह्या झाल्या. भैरूने अंगठा इतका जोर लावून उमटवला की मागच्या दोन पानांवर डाग पडला. "वहीलाही भारवाहू समजलात का?" साहेब म्हणाले, आणि मग मात्र सगळे पोट धरून हसले. मैनुद्दीनने हसता हसता पोटाला हात लावला, तशी सकीना त्याच्यावर ओरडली.

पुढचं सगळं लगेच सुरळीत झालं असं समजू नका. व्यापाऱ्यांनी कटकटी केल्या, कागद इकडून तिकडे फिरले, पावसाळा त्यातच गेला. पण दिवाळीच्या आधी मैनुद्दीनचं ओळखपत्र आलं, आणि दुसऱ्याच आठवड्यात तो ऑपरेशनला गेला. तो घरी आला त्या सकाळी भैरू नेहमीसारखा दारात हजर. "वैनी, हूक द्या. आज मी चालवतो."

सकीनाने मला खुंटीवरून काढलं, पण त्याच्या हातात दिलं नाही.

"राहू द्या, भैरूभाऊ. आता यांच्या आजारपणाचं मंडळ बघणार आहे. तुम्ही आपल्या अकरा जणांचंच ओझं वाहा."

भैरू म्हणाला, "आता आजारी पडायचीबी लाज न्हाई म्हना," आणि डोळे पुसत निघून गेला. माझ्या जन्मातली ती पहिली सुट्टी. मला काय करावं तेच कळेना! मी खुंटीवर बसून दिवसभर मैनुद्दीनला झोपलेलं पाहत होतो.

तो बरा झाला. आणखी कितीतरी वर्षं त्याने मला चालवलं. बाजार भवानी पेठेतून मार्केट यार्डात गेला, पोती शंभराची पन्नास किलोची झाली. हडपसरच्या बाजूला हमालांच्या सोसायटीत दोन खोल्या मिळाल्या. मुलगी बिलकिस शिकली, शिक्षिका झाली. मैनुद्दीन म्हातारा होऊन, पलंगावर, नातवंडांशी भांडत गेला. मला मात्र माळ्यावर टाकलं, आणि तिथे मी कित्येक वर्षं गंज खात पडलो. तक्रार करू नये, पण मला वाईट वाटलं. गेल्या आठवड्यात बिलकिसने, म्हणजे तुमच्या बाईंनी, मला खाली आणलं, घासलं, तेल दिलं आणि तुमच्या वर्गात या टेबलावर ठेवलं, म्हणून तर तुमच्याशी बोलतो आहे.

मित्रांनो, माझी काळजी करू नका. मला वर्षातून एकदा तेलाचा हात मिळाला की पुरे. पण ओझं वाहणाऱ्या माणसांची काळजी जरूर घ्या. त्यांच्यासाठी केलेले कायदेही वापरात ठेवावे लागतात, नाहीतर तेही माळ्यावर पडून गंजतात. मंडळ, कायदा, यादी हे तुम्हाला अजून मोठं वाटेल. ठीक आहे, मग लहान कामापासून सुरुवात करा. मघाशी बाई हजेरी घेत होत्या. एक नाव आलं, कुणी "हजर" म्हणालं नाही, आणि तुम्ही सगळे पुढच्या नावाची वाट पाहत बसलात. तो मुलगा चार दिवस आलेला नाही. आज शाळा सुटली की त्याच्या घरी जा.