चार बोटांचा चढ

त्याला सगळे काटकोन म्हणत. चाळीस वर्षं नळाची कामं केली, पण एक पाइप वाकडा बसवला नाही. दुसऱ्याच्या घरी भिंतीवरचा फोटो तिरका दिसला, की चहा गार होईपर्यंत याचा जीव त्या फोटोत. एकदा तर कुणाकडे तरी दुखवट्याला गेला आणि घरच्यांचे डोळे पुसून व्हायच्या आत त्याने त्यांचं घड्याळ सरळ करून टाकलं. बायको म्हणायची, "जित्याची खोड..." आणि थांबायची. उरलेली म्हण त्याला पाठ होती.

असा माणूस निवृत्तीनंतर सफरचंदाच्या बागेतल्या खोल्यांच्या पत्र्यावर चढला, तो बहिणीपायी.

ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. दर हंगामात चौदा बायकांची टोळी घेऊन ती या बागेत फळं तोडायला यायची. ती त्यांची मुकादम. दोन महिने तिथल्याच खोल्यांत मुक्काम, सकाळी दवाने गारठलेल्या फांद्या आणि संध्याकाळी अंगाचा चिकटा धुवायला विहिरीचं थंडगार पाणी. गेल्या वर्षी तिसऱ्याच आठवड्यात तिची बोटं अशी आखडली की फळाचा देठ सुटेना. हंगाम अर्ध्यावर टाकून ती घरी आली आणि महिनाभर कुणाशी धड बोलली नाही. यंदा बागेच्या मालकिणीने आधीच सांगून ठेवलं होतं, "पुन्हा तसं झालं तर मला दुसरी मुकादम बघावी लागेल. राग मानू नका." मालकीण वाईट नव्हती, पण पिकलेलं फळ कुणासाठी थांबत नाही.

डॉक्टरांचं म्हणणं, रोज संध्याकाळी गरम पाण्याने अंग शेकलं तर बोटं हंगाम काढतील. पण बागेतली वीज एवढ्या पाण्याला पुरणारी नव्हती आणि वाळल्या गवतापायी चूल पेटवायला सक्त मनाई.

"म्हणजे घरी बसा," ताई म्हणाली.

"उन्हाला कुणाची मनाई आहे?" काटकोन म्हणाला. "सोमवारी टोळी कामाला लागते ना? सोमवारी संध्याकाळी गरम पाणी देतो. नाही दिलं तर नाव बदल माझं."

"तुझं खरं नाव घेतंय कोण!"

त्याने कागद पुढ्यात ओढला. ताई धरून पंधरा जणी, माणशी पंधरा लिटर, म्हणजे सव्वादोनशे. टाकी अडीचशेची घ्यायची. पाडलेल्या इमारतीच्या खिडक्यांच्या काचा आणून दोन चपट्या पेट्या केल्या, आत काळा रंग दिलेला पत्रा आणि त्यावर तांब्याच्या नळ्या. हंगामात सूर्य खालून जातो, म्हणून दुपारी काठीची सावली मोजून पेट्या चांगल्या उभ्या केल्या. टाकी पेट्यांच्याही वर चढवली आणि जुन्या रजयांत गुंडाळली. पंप नाही, तार नाही. पाणी तापलं की हलकं होतं आणि आपल्या पायांनी वर चढतं. थंड पाणी खालून त्याची जागा घेतं. हंगाम संपला की सगळं रिकामं करून ठेवायचं, म्हणजे कडाक्याच्या थंडीत नळ्या फुटायची भीती नाही.

शनिवारी शेवटचा पाइप बसला. पेटीच्या माथ्यापासून टाकीच्या खालच्या अंगापर्यंत तीन मीटर आडवा, लेव्हलच्या काचेतला बुडबुडा अगदी मधोमध. काटकोन खाली उतरून लांबून बघत राहिला. पोटच्या पोराकडे बघावं तसं.

रविवारी दिवसभर लख्ख ऊन पडलं. संध्याकाळी त्याने नळ सोडला. पाणी गारच. पेटीवर मात्र हात ठेवता येत नव्हता. काटकोनाच्या तोंडचं पाणी पळालं.

"होईल उद्या," ताई म्हणाली. तिचा आवाज समजूत घालणारा होता, आणि तेच त्याला झोंबलं. ताई कधी कुणाची समजूत घालत नसे. ती शिव्या घाले. तिने आशा सोडली होती.

सोमवारी टोळी शिड्या घेऊन बागेत शिरली तेव्हा हा पत्र्यावर होता. ऊन चढलं तसा तो पाइपवरून तळहात सरकवत गेला. पेटीजवळ चटका. एक वीत पुढे कोमट. पाइप धरणाऱ्या दुसऱ्या पट्टीपाशी थंड. त्याने तिथला जोड किंचित सैल केला, आणि आतून फुस्स करून हवा निघाली.

हवा! पाणी वर जायला निघालं होतं आणि या सरळसोट पाइपात हवेचा बुडबुडा आडवा पडून होता. पाइप चढता असता तर हवा टाकीकडे निघून गेली असती. पण याने तिला जायला वाटच ठेवली नव्हती. चूक मालाची नव्हती, उन्हाची नव्हती. चूक त्याच्या चाळीस वर्षांच्या अभिमानाची होती.

त्याने पट्ट्या काढल्या, टाकीचं जुनं भोक बुजवून जरा वर नवं पाडलं, पाइपाचं ते टोक चार बोटं उचललं आणि टाकीच्या माथ्यावर हवा जायला बारीक नळी उभी केली. पाइप आता तिरका दिसत होता. अगदी रस्त्यावरूनही दिसत होता. त्याने दात खाऊन पट्ट्या आवळल्या.

"अगं बाई, काटकोनाने वाकडं केलं!" शिडीवरून ताई ओरडली आणि सगळी बाग हसली.

"हसा! संध्याकाळी बघा!"

दुपारी त्याने पाइपवर हात ठेवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत चटका.

संध्याकाळी पहिली बाई न्हाणीत गेली आणि किंचाळलीच. "गरम आहे गं!" मग रांग लागली. काटकोन ताईला म्हणाला, "तू जा आधी."

"मुकादम शेवटी जाते," ताई म्हणाली. त्यापुढे वाद घालायची सोय नव्हती. काटकोन बाहेर फळांच्या पालथ्या खोक्यावर बसून राहिला. जी ती जरा जास्तच वेळ लावत होती, आणि याच्या डोक्यात टाकीतली पातळी उतरत होती.

अखेर ताई गेली. लगेच बाहेर आली. केस कोरडे, नुसते हात ओले.

"संपलं?" त्याचा आवाज चिरकला.

"नाही रे. हातापुरतं घेतलं. तू तीन दिवस पत्र्यावर तळतोयस, अवतार बघ. उरलेलं तुला."

काटकोन उठला. त्याने न्हाणीच्या दाराकडे बोट केलं.

"ही टाकी कुणासाठी केली? सगळ्यांना मिळालं, आनंद आहे. पण मी केली ती तुझ्यासाठी! आत जा. टाकी कोरडी झाल्याशिवाय बाहेर यायचं नाही."

"अरे पण..."

"पण नाही न् बिण नाही!"

डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या चौदा बायका जागच्या जागी उभ्या होत्या. ताईशी या सुरात बोलायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. ताईने त्याच्याकडे पाहिलं आणि ती परत आत गेली.

पाणी पडू लागलं. काटकोन परत खोक्यावर बसला.

"अरे," ती आतून म्हणाली, "मूठ मिटतेय माझी. पूर्ण."

काटकोनाने मान वर करून टाकीकडे पाहिलं. 

"मिटू दे," तो म्हणाला. "अजून पाणी आहे."