रेषेबाहेरचा लाल

महिपतीने अंगठा जिभेला लावून पान उलटलं, तसे टेबलाभोवतीचे तिघे-चौघे एकदम ओरडले.

"अहो काका, थुंकी नको!"

अंबरीशने त्याच्या हातातून अंक अलगद काढून घेतला, प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवला आणि पिशवीवरूनच बोट फिरवून दाखवलं.

"असा बघायचा."

महिपतीने अंगठा लेंग्याला पुसला. 'वायुकेतू' या जुन्या चित्रकथेच्या असल्या अंकांचे गठ्ठे त्याने गिरगावातल्या छापखान्यात घामेजल्या हातांनी उचलून जमिनीवर आपटले होते. वरच्या गठ्ठ्यावर बसून डबा खाल्ला होता. आता तोच अंक त्याला पिशवीबाहेरून बघायचा होता.

रोह्यातल्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर त्या रविवारी वीसेक माणसं जमली होती. भिंतीवर कापडी फलक होता : 'लोहपंख रसिक मंडळ, पेण-रोहा'. 'लोहपंख' ही नवी चित्रकथा, दोन वर्षांपूर्वी निघालेली, पण मुद्दाम साठ-पासष्टच्या सुमाराच्या जुन्या 'वायुकेतू'सारखी काढलेली. तसाच पिवळट कागद, तसेच जाड ठिपके, तसाच छातीवर हात बांधून आभाळात उभा राहणारा नायक. तिला नुकताच दिल्लीच्या कुठल्याशा संस्थेचा पुरस्कार मिळाला होता. त्या आनंदाची ही सभा.

अंबरीश मंडळाचा अध्यक्ष. धाटावला एका कंपनीत इंजिनीयर. सभेच्या निमंत्रणपत्रिका छापायला तो पेणला महिपतीच्या छोट्या ट्रेडल छापखान्यात आला होता आणि बोलता बोलता त्याला कळलं, की हा म्हातारा 'वायुकेतू' छापणाऱ्या छापखान्यात मशीनमन होता. तिथल्या तिथे, शाईच्या डब्यांमध्ये, तो महिपतीच्या पाया पडला होता.

"जाऊ नका," हौसा सकाळी म्हणाली होती. "चांदोबा वाचायच्या वयातली पोरं थोडीच हायती ती."

"म्हणून तर जातोय," महिपतीने बायकोला सांगितलं होतं. "चांगले पगारदार येडे कसे दिसतात ते बघून येतो."

आता ते त्याला नीट दिसत होते. पुढच्या रांगेत बँकेतला एक गृहस्थ वही उघडून बसला होता. त्याच्या शेजारी मितेश नावाच्या माणसाने लोहपंखाचं चित्र असलेला बनियन शर्टाची दोन बटणं उघडी टाकून दिसेल असा घातला होता. छातीवर ताणून लोहपंखाचं तोंड रुंद झालं होतं.

अंबरीशने भिंतीवर एक मोठं केलेलं चित्र लावलं. लोहपंख उडतोय, मागे लाल शेला. शेल्याचा लाल रंग काळ्या रेषेच्या बाहेर, डावीकडे, दोराभर सांडलेला.

"हा लाल पाहा," अंबरीश आवाज खाली आणून म्हणाला. "रेषेत मावत नाही. का मावत नाही? कारण शौर्य चौकटीत मावत नाही. 'वायुकेतू'च्या त्या अनाम कलावंतांना हे साठ साली कळलं होतं. आपल्या चित्रकारांनी ते पुन्हा जिवंत केलं. पुरस्काराच्या मानपत्रातही या लाल रंगाचा खास उल्लेख आहे."

बँकेतल्या गृहस्थाने 'चौकटीत मावत नाही' हे वहीत लिहून खाली रेघ मारली.

महिपतीने खाली मान घातली. हसू आवरायला त्याला खोकल्याचं सोंग करावं लागलं. अनाम कलावंत! मशीनवर कागद ज्या पट्टीला टेकतो ती पट्टी झिजली होती, एवढीच गोष्ट. कागद दर फेरीला तसूभर सरकायचा आणि लाल शाई रेषेबाहेर बसायची. नवी पट्टी आणा म्हणून मशीनमन मालकाच्या मागे लागायचे. विक्रीचा एजंट आला की सरकलेले ताव गठ्ठ्याच्या तळाशी दडवायचे. त्या लाजेला दिल्लीने शाल-श्रीफळ दिलं होतं.

"काका, दोन शब्द बोला," अंबरीश म्हणाला.

महिपती उठला.

"पट्टी झिजली व्हती," तो म्हणाला.

टाळ्या पडल्या.

"म्हंजे ती चूक व्हती. आम्हाला लाज वाटायची तिची."

आणखी जोरात टाळ्या पडल्या. "काय साधेपणा आहे!" असं कोणीतरी म्हणालं. महिपतीने सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा बघून घेतलं आणि तो खाली बसला. वाळूत पाणी ओतायला तो रोह्यापर्यंत आला नव्हता.

"आता एक वाद मिटवायचाय," अंबरीश म्हणाला. "नमिता, आणा तो अंक."

मागच्या रांगेतून पंचविशीतली एक मुलगी आली. धाटावच्याच एका कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिने पिशवीतून 'वायुकेतू'चा अंक काढून टेबलावर ठेवला. तिच्या अंकाला प्लॅस्टिक नव्हतं. कोपरे मऊ पडले होते.

"बाबांचा आहे," ती महिपतीला म्हणाली. "कॉलेजात असताना घेतलेला. मागच्या वर्षी ते गेले, तेव्हा ट्रंकेत सापडला."

"सहासष्टचा दिवाळी अंक," अंबरीश म्हणाला. "आमच्यात कोणाकडेच नाही. पण गडबड आहे. बाहेरच्या पानांवर लाल सरकलाय, अगदी अस्सल. मधली आठ पानं मात्र बघा. लाल रेषेत. कुठे म्हणून सांडलेला नाही. मेलेली पानं! उघड आहे, कोणीतरी पिना उचकटून नंतरच्या छपाईतली पानं मध्ये घातलीयत. जोड-अंक आहे हा."

"बाबांनी असलं काही केलं नसतं," नमिता म्हणाली.

"तुमच्या वडिलांना दोष देत नाही मी. पण हौशी लोक करतात असं."

मितेश हसला. नमिताचे कान लाल झाले. हे बोलणं ती पहिल्यांदा ऐकत नव्हती, हे महिपतीला दिसलं.

त्याने अंक पुढे ओढला. मधली पानं उघडली आणि चष्मा कपाळावर चढवून डोळे कागदाजवळ नेले. मग पिनेजवळच्या कोऱ्या कागदावरून बोट फिरवलं.

"हा फर्मा माझा हाय," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"ही आठ पानं मी छापलीत. दिवाळीची घाई व्हती. मी मशीन बंद केला. पावडरच्या डब्याचा पत्रा कापला, पट्टीखाली सारला, लाल बसवला. मग हळूहळू चालवला. पाच-सहाशे ताव निघाले असतील, तोवर मालक आला. पार्सल गाडीला लागायचा व्हता, आणि मशीन गोगलगायीसारखा चाललेला. त्यानं मला तिथंच काढला. पत्राही काढला. पुढचे ताव दुसऱ्यानं छापले, सरकलेले." त्याने अंक मिटला. "जोड नाय हा. खरा हाय."

कोणी टाळी वाजवली नाही.

"काका," अंबरीश हळुवार, आजाऱ्याशी बोलावं तसा म्हणाला, "तीस वर्षं झाली. माणसाची आठवण सरकते. 'लोहपंख'च्या प्रस्तावनेत चित्रकारांनी स्वच्छ लिहिलंय, की त्या छापखान्यातून एकही ताव न सरकता बाहेर पडला नाही."

"ते तिथं व्हते?"

"त्यांचा अभ्यास आहे."

महिपतीने मान डोलावली. बँकेतल्या गृहस्थाने वही मिटली. मितेशने समोशांची परात आणायला कोणाला तरी हाक मारली आणि वाद मिटला असं सगळे धरून चालले. अंबरीशने महिपतीच्या खांद्यावर शाल घातली, फोटो काढून घेतला. फोटोत महिपतीच्या हातात नवा 'लोहपंख' होता.

तो समोशाला न थांबता निघाला. जिन्याच्या वळणावर मागून चपला वाजल्या.

"काका, थांबा." नमिताच्या हातात अंक होता. "खरं सांगा. माझ्यासाठी म्हणून बोललात का?"

"तुला मी वळखतो तरी का? उघड मधलं पान."

तिने उघडलं. जिन्याच्या खिडकीतून उजेड येत होता. महिपतीने पिनेजवळच्या कोऱ्या कागदावर बोट ठेवलं. तिथे दोन बारीक लाल ठिपके होते, मोहरीच्या दाण्याहून लहान.

"पत्र्याची टोकं वर आली व्हती. त्यांना शाई लागायची. ह्या आठ पानांत बघ, दर तावाला हायत. दुसऱ्या छपाईत असते काय?"

नमिताने एकेक पान बघितलं. तिसऱ्या पानापाशी तिने तोंडावर हात दाबला. मग ती वळली आणि दोन पायऱ्या वर चढली.

"चला वर! दाखवू त्यांना."

"नको."

"का? सगळ्यांसमोर माझ्या बाबांना..."

"दाखवलंस, तर पुढच्या लोहपंखात हे ठिपके पण छापतील," महिपती म्हणाला. "आणि टाळ्या वाजवतील."

नमिता तिथेच उभी राहिली. वरून हसण्याचा आवाज येत होता. मग तिला हसू फुटलं, थांबेना, आणि हसता हसता डोळे पुसावे लागले. ती पायऱ्या उतरून खाली आली.

"स्टँडपर्यंत येते मी," ती म्हणाली.

रस्त्यात त्याने सांगितलं, की हा अंक बांधलेला असा तो आज पहिल्यांदाच बघत होता. मशीनवर मोठा ताव येतो, त्यावर अर्धी पानं सुलटी, अर्धी उलटी. गोष्ट कोण वाचणार? आणि अंक बांधला गेला तेव्हा तो पेणच्या गाडीत होता. पुढेही त्याने 'वायुकेतू' हातात धरला नाही. गोष्ट असली तरी पोरखेळच, असं म्हणून तो थुंकला.

"माझ्या फर्म्याच्या शेवटाला वायुकेतू दरीत पडतो, तेवढं माहीत हाय," तो थोड्या वेळाने म्हणाला. "मरतो काय?"

नमिताने त्याच्याकडे बघितलं.

"वाचा ना."

स्टँडच्या बाकावर तिने अंक त्याच्या मांडीवर ठेवला. गाडीला अवकाश होता. महिपतीने पहिलं पान काढलं, तिरस्काराने ओठ मुडपून वाचायला लागला. उसाचा रस घेऊन नमिता परतली तेव्हा तो पाचव्या पानावर होता. तिने पेला पुढे केला, तो त्याने बघितला नाही. एकदा तो स्वतःशीच "अरे, मागं बघ की" असं म्हणाला. स्वतःच्या आठ पानांपाशी तो थांबेल असं तिला वाटलं होतं. पण ती त्याने इतर पानांसारखीच वाचली, उलट जरा भरभर.

"नागोठणे, पेण!" कंडक्टरने हाळी दिली. माणसं दाराशी झोंबली.

"काका, गाडी लागली."

महिपतीने डोकं वर न करता हाताचा पंजा दाखवला. घंटी वाजली, गाडी मागे सरकली, वळली आणि धूळ उडवत गेटाबाहेर पडली.

"गेली, काका."

"जाऊ दे," महिपती म्हणाला. "ह्या येड्याला आधी दरीतून वर तर येऊ दे."